नंबराला लावलेले हंडे

२०२५ साल. मला त्र्याहत्तर सरून चौऱ्याहत्तरावं लागलं होतं. ओट्यावर बसलो होतो, तर सून सुनीता दारात येऊन म्हणाली, "नाना, जैतूनबी गेली." आणि उंबऱ्यातच खाली बसली... माझी शाळा चौथीपर्यंतची. लिहिण्यात मागंपुढं झालं तर सांभाळून घ्यावं. पण लिहितो ते डोळ्यांनी बघितलेलं आहे.

जैतूनबी बांगड्या भरायची. औरंगपुऱ्याच्या बाजारातून माल आणायचा आणि टोपली घेऊन आमची गल्ली, तिची गल्ली, दोन्हीकडं घरोघर फिरायचं. आम्ही बापे ओट्यावर थांबणार, ती थेट चुलीपर्यंत जाणार. माझ्या बायकोचा हात तिच्या हातात, सुनेचाही तिच्याच. कुठल्या घरात काय धुमसतंय ते तिला आधी कळायचं, पण या घरचं त्या घरी तिनं कधी नेलं नाय. म्हणून तर दारं उघडी होती.

सात-आठ वर्षांमागं मिरवणुकीच्या वाटेवरून दोन्ही गल्ल्यांत जुंपली. एकाचं डोकं फुटलं, एका दुकानाची फळी जळाली. पोलीस चौकीत शांतता समिती बसली. खुर्च्यांवर दोन्हीकडचे आम्ही सगळे बापेच. चहा झाला, पण कुणी हटेना. जैतूनबी चौकीच्या दाराबाहेरून म्हणत होती, बायकांचंही जरा ऐका. मी उठून बोललो, मागं सरायला आम्ही काय बांगड्या भरल्यात? सगळे हसले. ती हसली नाय.

"नाना, इथं बांगड्या मीच भरते. तुमच्या मापाची अजून निघाली नाय," एवढं बोलून गेली.

त्याच दिवशी दुपार कलली तशी दोन्ही गल्ल्यांच्या तोंडाशी माणसं जमली. आमच्याकडून माझा पोरगा बाळू पुढं, सुनीताचा नवरा, हातात वीट घेऊन. त्याला मागं ओढावं तर चार लोक काय म्हणतील, म्हणून मी नुसता उभा. मधल्या रस्त्यावर दोन्ही गल्ल्यांचा एकच नळ. पाणी येतं आठवड्यातून एकदा, आणि नंबराला लावलेलं भांडं, मालकीण तिथं असो नसो, कुणी हलवत नाय. आमच्याकडं भाऊ भावाचा बांध सरकवील, पण हंडा सरकवणार नाय.

त्या दिवशी पाण्याचा वार नव्हता. तरी जैतूनबी आली आणि रस्त्यात मधोमध हंडा ठेवला. तिच्या मागून सुनीता, तेव्हा पोटुशी, कळशी घेऊन. मग जैतूनबीची सून, मग दोन्ही गल्ल्यांच्या बायका. एक भांडं त्यांचं, एक आमचं, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत रस्ता अडवून रांग लागली. स्टीलचे हंडे सगळे सारखे, कुठला कुणाचा ओळखू येईना.

पलीकडून एकानं विचारलं, आज कुठलं आलंय पाणी?

"येईल तवा येईल. नंबर तर लागला," जैतूनबी म्हणाली.

बाळू दोन पावलं पुढं गेला. एक लाथ घातली की वाट मोकळी. पण त्यात त्याच्या आईचाही हंडा होता, आणि कुठला ते त्याला कळेना. सुनीता जागची हलली नाय. म्हणाली, "उडवायचेच तर माझ्या कळशीपासून सुरू करा."

बाळूनं वीट खाली ठेवली. टाकली नाय, ठेवली... पलीकडचेही एकेक करत मागं सरले. बायका मात्र दिवेलागणीपर्यंत तिथंच बसल्या आणि मिरवणूक कुठून न्यायची ते आपसांत ठरवून उठल्या. समितीनं पुढं तेच जाहीर केलं, आपलं म्हणून.

मी गल्ली राखायला उभा राहिलो ते बरोबरच होतं, असं माझं आजही म्हणणं आहे. त्यात बदल नाय.

जैतूनबीच्या मातीला गेलो, मूठभर माती दिली. कब्रस्तानाबाहेर चौकीचे साहेब भेटले. दहा जणांत माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, नाना, तुमच्या समितीनं ही वस्ती वाचवली, उद्या सकाळी बैठक आहे, या. सगळ्यांनी माना डोलावल्या. तिकडं तिच्यावरची माती अजून ओली होती. दुसऱ्याच्या ताटातलं मी जन्मात खाल्लं नाय, आणि हे लोक मला भरवत होते. घरी येऊन सुनीताला सांगितलं, सकाळी तयार राहा. ती म्हणाली, तिथं बाईमाणूस कोण असतं? मी म्हणालो, म्हणूनच.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला घेऊन चौकीत गेलो, माझ्या खुर्चीवर बसवलं आणि शेजारच्याला उठायला सांगितलं. ती खुर्ची जैतूनबीच्या सुनेची, म्हटलं. तिचं दुःख हलकं होईल तेव्हा ती येईल, तोवर इथं कुणी बसायचं नाय. साहेब म्हणाले, नाना, मग तुम्ही कुठं बसणार?

मी उभाच राहिलो.