राजाची पहिली पंगत

मंगळवारी सुमन गेली. ती माझी बायको आणि जनावरांची डॉक्टर.

आज नदीकाठच्या माकडवाल्यांच्या पालांवरून जाताना थांबलो. हौसाबाई जेवण वाढत होती. पूर्वी त्यांचं माकड, राजा, तिच्या मुलीच्या, चिंगीच्या, ताटातच जेवायचं. खेळ करून तोच घर चालवतो, म्हणून त्याला वेगळं वाढणं त्यांच्यात पाप. पण राजाच्या हातांवरून जंतांची अंडी चिंगीच्या पोटात जात. पोरीचं पोट फुगलं, हातपाय वाळले, भूक मेली. औषधानं जंत पडायचे आणि पुन्हा व्हायचे.

"कमावत्याला बाजूला बसवू व्हय, बाई?" ताट वेगळं करायला सांगितलं की हौसाबाई सुमनशी भांडायची.

"बाजूला नको, सगळ्यांच्या आधी वाढ," सुमन म्हणाली होती. "मान त्याचा पहिला. मग हात धू आणि पोरीला वाढ."

आज राजाची थाळी आधी दगडावर आली. मग हौसाबाईनं साबणानं स्वतःचे हात धुतले, चिंगीचेही धुतले. मला पाहून तिनं डोळ्यांना पदर लावला आणि लगेच हसली.

"डॉक्टरीणबाई जिंकल्या, दादा. हा जहागीरदार जेवतोय आणि आम्ही ताटकळतोय!"

रोग घाणीतून येतो, असं मी वाचत आलो. इथे तो कृतज्ञतेतून आला होता. सुमननं ती कृतज्ञता मोडली नाही, तिला पहिल्या पंगतीला बसवलं. याहून मोठा विजय मी पाहिलेला नाही.

चिंगीनं भाकरी संपवून ताट पुन्हा आईपुढे धरलं.

तिला आता भूक लागते.