मावळात मी ‘येस’ म्हणालो

लोणावळ्याच्या स्टेशनावर उतरलो तेव्हा अंगात नवा कोट होता आणि डोक्यात विलायत. मी आमच्या छोट्या गावच्या नगरपालिकेचा उपाध्यक्ष. देशोदेशींच्या नगरपालिका जोडणाऱ्या एका संघाचे हॉलंडचे प्रतिनिधी इथे आले होते. पुढच्या वर्षीचे कार्यक्रम ठरायचे होते. संघाच्या परिषदेसाठी हॉलंडला मलाच नेतील, अशी माझी समजूत होती. ती कोणी करून दिली नव्हती.

या हॉलंडच्या साहेबांना आधी एखादे खेडे पाहायचे होते. दुभाषा म्हणून मी हौसेने पुढे झालो. कामशेतहून दमणीने (छपराच्या बैलगाडीने) तिकोणा पेठेकडे निघालो. भाताची कापणी चालली होती. वाटभर आंबेमोहराचा वास. साहेबांचे इंग्रजी मात्र थेट घशातून येई. पहिल्या ओढ्यापर्यंत मी ‘पार्डन’ म्हणत होतो. पुढे लाज वाटू लागली, तसा ‘येस, सर्टनली’वर आलो.

पेठेत एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने, आबांनी, ओसरीवर बसवून तांदळाची भाकरी, पिठले आणि खर्डा (मिरचीचा ठेचा) वाढला. जेवताना साहेब मला बराच वेळ काही विचारत राहिले. मी मान डोलावत राहिलो.

“काय म्हणत्यात?” आबांनी विचारले.

“जेवण आवडलं म्हणतात.”

“येवढं लांबडं? तुमाला तरी कळतंय का, भाऊ?”

मी खर्ड्याचा ठसका लागल्याचे सोंग केले.

संध्याकाळी लोणावळ्याच्या सभेत संघाच्या चिटणिसांनी कार्यक्रम सावकाश वाचला, त्यामुळे मला शब्द न् शब्द कळला. पुढच्या हिवाळ्यात परदेशी सभासद इकडच्या गावांची गटारे पाहायला येणार. पहिला मुक्काम आमच्या गावी. उपाध्यक्षांनी आजच आनंदाने होकार दिला आहे. टाळ्या झाल्या.

आमच्या गावात गटार नाही. सांडपाणी रस्त्याने जाते आणि माणसे कडेने.

मी उठलो. साहेबांचे बोलणे मला कळले नव्हते आणि आमच्याकडे दाखवायला गटारच नाही, हे एका दमात सांगून टाकले. साहेब माझ्यासाठी एकेक शब्द सुटा करून म्हणाले, “बांधलेली गटारे आम्ही घरी रोज पाहतो. आम्ही तुमच्याकडेच येऊ.”

परतलो तेव्हा गावच्या स्टेशनावर अध्यक्ष हार घेऊन उभे. मी त्यांना सांगितले की मी हॉलंडला जात नाही, तिकडचेच लोक इकडे गटार पाहायला येताहेत.

“कुठलं गटार?”

“आता खणायचं आहे ते.”

अध्यक्षांनी हार पिशवीत परत ठेवला. घराकडे जाताना मी कधी नव्हे तो खाली बघत चाललो. इतकी वर्षे कारभार करूनही आमचा रस्ता मी पाहिला नव्हता.