आक्काचे रिकामे कण

चव्वेचाळिसाव्या वर्षी पीएचडीला नाव घातलेल्या बाईला प्रयोगशाळेतली पोरं आक्का म्हणणार नाहीत तर काय म्हणणार? आक्कालाही त्याचं काही वाटत नसे. मुलगी कॉलेजात आणि आई तिच्याही पुढच्या वर्गात, यावरून घरी नवरा रोज एखादा टोमणा मारायचाच.

काम ऐकायला सोपं होतं. ऑपरेशनचे काही टाके आपोआप विरघळतात, तशाच पॉलिमरचे डोळ्यांना न दिसणारे कण करायचे आणि त्यांच्या पोटात लसीचा डीएनए भरायचा. शरीरात कण विरघळला की डीएनए पेशींच्या हाती लागतो. त्यावरून पेशी रोगजंतूचा एक निरुपद्रवी तुकडा बनवतात आणि शरीर त्या जंतूला ओळखायला शिकतं. अडचण एकच. कण बारीक व्हायला मिश्रण जोरात घुसळावं लागे, आणि त्यात डीएनएच्या लांब धाग्याच्या चिंध्या होत. हळू घुसळावं तर कण एवढे जाड, की पेशींना ते गिळताच येत नसत. पाच वर्षं आक्का त्या घुसळणीच्या यंत्राशी झटत होती. बर्फ लावून झाला, शिव्या घालून झाल्या. फार तर पाव हिस्सा धागा शाबूत राही.

"पाव पुरे झाला," तिच्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या. "प्रबंध लिहून टाक. यंदा पदवी हातात पडेल."

आक्का तोंड पाडून घरी आली.

"पदवी मिळतेय, मग चेहरा का असा?" नवऱ्याने विचारलं.

"एवढ्याने लस लागू पडायची नाही."

"ते पुढचे लोक बघतील की."

"मग मी पाच वर्षं काय बघत होते?"

राग उतरल्यावर मात्र आक्काला स्वतःचीच चूक दिसली. धागा पोटातच भरायचा, हा हट्ट तिचाच होता. कण आधी रिकामेच घुसळून घ्यावेत आणि त्यांच्यावर धन भार चढवावा. डीएनएवर ऋण भार असतोच, तो वरून आपसूक चिकटेल. त्याची त्या यंत्राशी गाठच पडायला नको. पण प्रबंध नोंदवलेला होता पोटात भरलेल्या डीएनएवर. ही वाट धरली तर पाच वर्षं पाण्यात जाणार होती. तरी सकाळी तिने रिकामे कण घुसळायला घेतले.

तपासणीत धागा जवळजवळ सगळा शाबूत निघाला. पुढे लस दिलेल्या उंदरांच्या रक्तातही जंतूशी लढणाऱ्या हव्या त्या प्रतिपिंडांची चांगली वाढ दिसली. आक्का स्टुलावर बसून मनसोक्त रडली आणि तोंड धुऊन मॅडमकडे गेली.

मॅडमनी निकाल दोनदा पाहिले. "उत्तम आहे. पण हा विषय वेगळा झाला, नव्याने नोंदणी करावी लागेल. आणखी चार वर्षं तरी गेली. जुना प्रबंध तयार आहे, आक्का. दिलास की पदवी तुझी, फक्त मग प्रयोगशाळेतली जागा सोडावी लागेल."

"प्रबंध कुणाच्या दंडात टोचता येत नाही, मॅडम," आक्का म्हणाली. "नव्याने नोंदवा."