ब्लाउजच्या टिपा

ही गेल्यावर मुलीने तिचे ब्लाउज आवरायला काढले. एक उलटा झाला आणि काखेखालच्या टिपा दिसल्या. एकीच्या आत दुसरी, दुसरीच्या आत तिसरी. प्रत्येक थोडी अंगाकडे सरकलेली.

कारखान्यात मी नव्या लोकांना शिकवत आलो, की मापं हाती आली म्हणून लगेच सरासरी काढू नका. आधी ती ज्या क्रमाने आली त्या क्रमाने रन चार्टवर मांडा. बिंदू वरखाली होत असतील तर ठीक. एकाच दिशेने सरकत असतील तर काहीतरी बिघडतंय, आणि सरासरी ते झाकून टाकते.

घरी मात्र ती मशीनवर बसून म्हणायची, "अहो, हाही सैल झाला बघा."

"बरंय की! लोक त्यासाठी जिमला जातात," मी पेपर न हलवता म्हणायचो. ती हसायची, टीप मारायची. आजार कळला तेव्हा उशीर झाला होता.

"बाबा, टिपा उसवल्या तर मावशीला होतील हे," मुलगी ब्लेड घेऊन म्हणाली.

"हा एक राहू दे."

सगळ्यात आतल्या टिपेवरून मी बोट फिरवलं. तिच्या पुढची टीप मारायला ती उरली नाही.