मामाच्या पेटाऱ्याचं झाकण

लाकडी तलवारीला धार नसते, एवढीच तिच्याबद्दलची माझी माहिती होती. त्या माहितीवर विसंबून मी कॉलेजात हात वर केला.

आमच्या घराण्यात कॉलेजात जाणारा मी पहिला. वडील भात आणि काजू करतात, आजोबाही तेच करायचे, आणि मी एसटीने कुडाळला जाऊन एफ. वाय. बी. ए. करतो. वर्गात मी सहसा बोलत नाही. (तोंडातून 'मला' येईल की 'माका', याची खात्री नसते.) पण स्नेहसंमेलनात पौराणिक नाटुकलं बसवायचं ठरलं आणि सरांनी विचारलं, "मुकुट, तलवारी, गदा वगैरे कोण बघेल?" तेव्हा मला काय झालं कोण जाणे. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "सर, मी बघतो. माझे मामा राक्षस आहेत."

वर्ग बराच वेळ हसला. "दशावतारात," असं मी नंतर म्हणालो, पण ते कुणी ऐकलं नाही.

तातूमामा आईचा धाकटा भाऊ. जत्रांच्या हंगामात त्याची कंपनी गावोगाव फिरते. रात्रभर खेळ, दिवसा झोप, संध्याकाळी पुढच्या गावाला चाल. कंपनीचं सगळं सामान, म्हणजे मुकुट, तलवारी, गदा, खांद्यावरच्या भुजकीर्ती, एका मोठ्या पेटाऱ्यात असतं आणि तो पेटारा डोक्यावरून जातो. त्यात सगळ्यात वर गणपतीचा लाकडी मुखवटा ठेवलेला असतो. त्यामुळे पेटाऱ्याला कुणी पाय लावत नाही, कुणी त्याच्यावर बसत नाही आणि मामा तर त्याच्याकडे पाठही करत नाही.

त्या रविवारी मामा न कळवता आमच्याकडे उतरला. (दशावतारी कळवून येत नाहीत, वाजत येतात.) कंपनीची बाकी मंडळी पुढच्या गावातल्या मानकऱ्यांकडे जेवायला गेली होती. मामा मात्र आईच्या हातच्या कोलंबीसाठी पेटाऱ्यासकट मागे राहिला.

अडचण एवढीच होती की त्याच दिवशी शालूताईला बघायला देवगडहून माणसं येणार होती.

याआधी दोन स्थळं पोहे खाऊन गेली होती आणि कळवतो म्हणून कळवायची राहिली होती. पण हे स्थळ वेगळं होतं. मुलगा सरकारी कचेरीत कारकून होता, पण वेगळेपण त्यात नव्हतं. मुलाचा फोटो आईने ताईला बघायला दिला होता आणि तो परत आला नव्हता. आईने दोनदा विचारलं. ताई म्हणाली, "खंय ठेवलंय काय म्हायत." ताई घरातली हरवलेली सुई शोधून काढते. आई काय ते समजली आणि देवापुढे जास्तीचं निरांजन लावू लागली.

पाहुणे संध्याकाळच्या गाडीने यायचे होते. दुपारी जेवून मामा घरापुढच्या खळ्यात चटईवर आडवा झाला. मी जवळ जाऊन अदबीने विचारलं, "मामा, पेटाऱ्यातली एक तलवार बघू?"

"व्हय म्हाराजा!" मामा म्हणाला.

आमच्याकडे देवापुढे गाऱ्हाणं घालतात तेव्हा एकजण बोलतो आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी बाकीचे "व्हय म्हाराजा!" म्हणतात. मामाने जन्मभर इतकी गाऱ्हाणी ऐकली आहेत की झोपेतही कुणी जरा अदबीने बोललं की त्याच्या तोंडून ते आपोआप बाहेर पडतं. हे मला ठाऊक नव्हतं.

"म्हणजे उघडू ना?"

"व्हय म्हाराजा!"

"नक्की ना, मामा?"

"व्हय म्हाराजा!"

तीनदा परवानगी! कॉलेजच्या ग्रंथालयातसुद्धा पुस्तकाला एवढी मिळत नाही. मी नमस्कार करून झाकण उघडलं, गणपतीचा मुखवटा लाल फडक्यासकट बाजूला ठेवला आणि तलवार काढली. पांगाऱ्याचं लाकूड, वर चमचमता बेगड, वजन शेवग्याच्या शेंगेएवढं. तिच्यावरून वर्तमानपत्रावर आकार काढावा आणि मग तसा पुठ्ठा कापावा असा माझा साधा बेत होता.

पेन्सिल टेकवली तोच मामा उठून बसला. आवाजाने नाही. पेटाऱ्यातल्या कापराचा वास त्याच्या नाकात गेला होता.

"पेटारो कोणी उघडल्यान?"

"मामा, तूच व्हय म्हटलंस. तीनदा."

"मी निजलेलंय, मेल्या! निजलेल्या माणसाक कोण इचारता? ह्या शिकवतंत कॉलेजात?"

आई-बाबा धावत आले. मामाने कपाळाला हात लावून सांगितलं, "गणपती जागो झालो. आता खेळ दाखवल्याशिवाय झाकण लावूक जमाचा नाय."

"हो नियम खंय लिवलो आसा?" बाबांनी विचारलं.

"लिवूक कित्याक व्हयो? माका ठावक आसा मां!"

"आणि तसाच लावला तर?"

मामा जरा थांबला. रंगमंचावर थांबतो तसा. "तर ज्या घरात उघडलो, त्या घरातला शुभकार्य अडाकता."

आमच्या घरात शुभकार्य एकच होतं, आणि ते आत बसून केसांत अबोलीचा वळेसर माळत होतं.

"शिरा पडो त्या कॉलेजार!" आई म्हणाली. "तातू, खेळ कर. आत्ताच्या आत्ता कर."

"अगो, पावणे येतले मां!" बाबा म्हणाले.

"ते सांजच्या गाडयेन येतले. तवसर धा राक्षस मरतीत!"

मामाने हिशेब सांगितला. वायचसो, नावापुरता खेळ पुरे. एक राक्षस, एक स्त्रीपार्टी. राक्षस तिला धरतो, ती रडते, राक्षस मरतो. देव तेवढ्यावर खूश.

"राक्षसाक मारतलो कोण?" बाबांना शंका आली.

"ता मगे बगू. आधी स्त्रीपार्टी खंयसून हाडू?" असं म्हणून मामाने माझ्याकडे पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "तुका अजून मिशी फुटाक नाय मां?"

"नाय," मी प्रामाणिकपणे सांगितलं. प्रामाणिकपणाने माझं आजवर कधी भलं झालेलं नाही.

स्त्रीपार्टीचं लुगडं धुवायला गेलं होतं. मामा म्हणाला, साधं चालणार नाही, देवापुढचं आहे. घरात चांगली साडी एकच, गुलाबी, आणि ती ताईच्या अंगावर होती. देवगडला पाठवलेला फोटोही तिने त्याच साडीत काढला होता. ताई उठली, आत गेली आणि घरातलं जुनेर नेसून बाहेर आली. गुलाबी साडी तिने माझ्या हातात ठेवली, वर वळेसरही ठेवला आणि हळूच म्हणाली, "दिगू, नीट रड हां."

मामाने माझ्या तोंडाला सफेदा थापला, गालांना कुंकू लावलं, डोळ्यांत काजळ घातलं. आरशात पाहिलं तर मी दिसायला बरा होतो. (हे मी कॉलेजात कुणाला सांगितलेलं नाही.) मामाने स्वतःचं तोंड काळं-लाल केलं, भुजकीर्ती चढवल्या आणि मृदंग नसल्यामुळे बाबांच्या पुढ्यात घासलेटचा रिकामा डबा ठेवला.

"माका नाय जमाचा," बाबा म्हणाले. पहिली थाप मारली आणि जमलं. मग त्यांना थांबवणं जमलं नाही.

खेळ सुरू झाला. मामाने "हाऽऽ हाऽऽ हाऽऽ!" करून माझा हात धरला. मला बोलायचं होतं. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात, जागच्या जागी सुचावे लागतात. मला जे सुचलं ते मी बोललो. "हे दैत्या, आपण माझा हात कृपया सोडावा, ही नम्र विनंती."

"अर्ज लिवतंस काय, रे? रड!" राक्षस दातओठ खाऊन पुटपुटला आणि त्याने मला असा हिसका दिला की मी खरोखरच रडलो. बाबांचा डबा तापला होता. त्या दणदणाटात कुंपणाच्या कवाडीशी जीप येऊन थांबल्याचं कुणालाच कळलं नाही.

पाहुण्यांना एसटी सोडून कचेरीची जीप मिळाली होती!

आधी मुलाची आत्या उतरली. देवगडला शाळेत मास्तरीण, काठाची साडी, हातात छत्री. मागून मुलगा, अरविंद. टेरिकॉटची पँट आणि जाड भिंगांचा चष्मा. जीपच्या धुळीने चष्मा माखला होता, म्हणून तो पुसायला त्याने काढला. नेमका तेव्हाच काढला! चष्म्याशिवाय त्याला एवढंच दिसलं, की फोटोतल्या गुलाबी साडीतल्या मुलीला एक काळाकुट्ट धिप्पाड माणूस ओढून नेतो आहे आणि बाजूला बसून तिचा बाप डबा बडवतो आहे.

"अहो! सोडा त्यांना!" तो ओरडत खळ्यात शिरला. "हे काय चाललंय?"

कुणीही भानावर आलं असतं. पण मामा वीस गावांचा राक्षस. समोर कुणी उभा ठाकला की त्याची जीभ आपोआप चालते.

"कोण रे तू, पामरा?"

"मी… मी देवगडहून आलोय!"

"देवगडच्या राजा!" मामाचे डोळे आनंदाने पाणावले. राक्षसाला मारणारा देवाने बरोबर वेळेवर पाठवला होता. "निःशस्त्रावर मी वार करत नाही! उचल आयुध!"

अरविंदने खरोखरच पेटाऱ्यातून एक तलवार उचलली. मामा गिरक्या घेऊ लागला, अरविंद त्याच्यामागे गोल गोल पळू लागला, बाबांनी लय वाढवली. "अरविंद, छत्री घे, छत्री!" आत्या कवाडीतून ओरडली. दोन फेऱ्या झाल्यावर अरविंदचा वार मामाच्या भुजकीर्तीवर बसला आणि तलवारीचे दोन तुकडे झाले. आता मरायला हरकत नाही असं मामाने ठरवलं.

तातूमामाचं मरण बघायला लोक तीन गावांवरून येतात. तो छाती धरतो, एकदा आकाशाकडे बघतो, एकदा प्रेक्षकांकडे बघतो आणि मग झाडासारखा आडवा होतो. त्या दिवशी तो ओट्याच्या दिशेने आडवा झाला. ओट्यावर आईने सोलकढीसाठी काढून ठेवलेली आगळाची बरणी होती. ती फुटली. कोकमाचं लालभडक आगळ मामाच्या छातीवरून खळ्यात वाहू लागलं.

बाबांचा डबा थांबला. मामा हलला नाही. (चांगला राक्षस मेल्यावर हलत नाही, असा त्याचा अभिमान आहे.)

"अरविंदा, काय केलंस रे हे!" आत्या मटकन खाली बसली. अरविंदच्या हातात अर्धी तलवार होती, आणि पँटवर लाल शिंतोडे. त्याने चष्मा चढवला. माझ्या डोक्यात एकच विचार आला, की आता ताईचं लग्न मोडलं आणि ते मी मोडलं. तोंड उघडलं तर आवाजावरून आणखी घोळ होईल, म्हणून पदर तोंडावर घेऊन मी आत पळालो आणि न्हाणीघराला आतून कडी घातली. पुढचं मी फटीतून पाहिलं.

तेव्हा जुनेर नेसलेली ताई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली आणि मामाच्या डोक्याशी उभी राहून म्हणाली, "मामा, उठ. सगळा आगाळ सांडलंस."

मामाने एक डोळा उघडला. "खेळ झालो?"

"झालो."

मामा उठला, गणपतीला नमस्कार केला आणि ठाप्‌कन पेटाऱ्याचं झाकण लावलं.

अरविंद आळीपाळीने मामाकडे, तलवारीकडे आणि ताईकडे बघत होता. फोटोतला चेहरा त्याला आता दिसला. "त्यांना… खरंच काही झालं नाही ना?" त्याने विचारलं.

"राक्षस आसा तो," ताई म्हणाली. "रोज मरता."

अरविंदला हसू फुटलं आणि आवरेना. ताईने पदर तोंडाला लावला, पण खांदे हलत होते. मामा त्याच्याभोवती फिरून बाबांना म्हणाला, "भावोजी, असो राजो माज्या कंपनीत नाय! काय ओ पावण्यांनू, नोकरी सोडतास काय?"

पोहे झाले, चहा झाला. अरविंदने अर्धी तलवार चहा पिऊन होईपर्यंत मांडीवरच ठेवली होती. उठताना आत्याबाईंनी सरळच सांगितलं, "आमच्याकडून होकार समजा." आईने देवाकडे पाहून हात जोडले. मी न्हाणीघरात, साडीतल्या साडीत, हात जोडले. सफेदा घामाने डोळ्यांत उतरला होता आणि बाहेर यायची सोय नव्हती.

तेवढ्यात आत्याबाई आईला बाजूला घेऊन नेमक्या न्हाणीघराच्या दारापाशी आल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "एक विचारायचं राहिलं. ती गुलाबी साडीतली, आत पळाली ती, धाकटी का?"

आईने काय करावं? होकार नुकताच मिळाला होता. "व्हय… धाकटा… धाकटी," आई म्हणाली.

"मुलगी छान आहे हो. उंच आहे, उजळ आहे. आणि एवढा गोंधळ झाला तरी एक शब्द बोलली नाही! अशा मुली आता मिळत नाहीत. माझ्या मुलासाठीही आम्ही बघतोच आहोत. घरकामाचं वळण आहेच, दिसतंय. सध्या काय करते ती?"

आई गडबडली आणि तिच्या तोंडून खरं तेच निघालं. "कॉलेजात जाता."

आत्याबाईंनी एक सुस्कारा सोडला.

"मग राहू द्या," त्या म्हणाल्या. "शिकलेल्या मुली आम्हाला झेपायच्या नाहीत."

मला आयुष्यात आलेलं हे पहिलं स्थळ. तेही शिक्षणापायी गेलं!