धुऱ्यावरचे गोटे

माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता, आजही धड आहे असं नाही. पण ही गोष्ट मी स्वतः केलेल्या लबाडीची आहे, त्यामुळे ऐकीव म्हणून सोडून देता येत नाही...

नव्वदच्या दशकातली गोष्ट. हिंगणघाटपासून तासाभरावर आमचं शेत. वडील गेल्यावर वाटणी मीच केली. काळी, कसदार जमीन मी ठेवली आणि मोठाल्या दगडांचं वर्तुळ असलेला पडीक तुकडा धाकट्या श्रीधरला दिला. पुढे युनिव्हर्सिटीची टीम आली आणि त्याच पडिकात, वर्तुळाखाली पुरलेला राजा निघाला! उशाशी सोन्याचे मणी, पायाशी तांब्याचे दागिने घातलेला घोडा. पेपरात श्रीधरचा फोटो आला. बाजारात लोक माझी वांगी घेता घेता विचारायचे, राजावाल्याचे भाऊ ना तुम्ही? मोठा मी — आणि ओळख त्याची! खरं सांगतो, नुसता जळफळाट व्हायचा. जेवण जात नव्हतं.

संक्रांतीला खोदकाम बंद होतं. आम्हा दोघांच्या शेतांमधल्या धुऱ्यावर आजोबांच्या काळापासून शेतातून वेचलेल्या गोट्यांचा ढीग होता. भर दुपारी बैलबंडी जुंपली, बारा-तेरा मोठे गोटे चढवले आणि वांग्यांच्या पलीकडे, जिथे बैल आपसूक वळले तिथे, गोल मांडले. मग टीमच्या सरांना सांगितलं, माझ्याकडेही एक वर्तुळ आहे.

सर हसले. गोट्यांना ताजी माती होती, त्यांना कळलंच असणार. तरी माझं मन मोडू नये म्हणून त्यांनी खणायला लावलं. चौथ्या दिवशी मला बोलावणं आलं. प्रत्येक गोट्याच्या बरोबर खाली, हातभर खोल, एक बुजलेला खड्डा होता... त्याच गोट्याच्या बुडाच्या मापाचा. एकही गोटा इकडचा तिकडे नव्हता. आणि मधोमध एक माणूस. ना मणी, ना साधं मडकं. सांगाडा उताणा, पण मान श्रीधरच्या शेताकडे वळलेली.

सर म्हणाले, राजाच्याच काळातला दिसतो, भाऊबंद असेल कुणी.

श्रीधरने मला बाजूला घेतलं. हळूच म्हणाला, "दादा, तुले बंडी हाकताना म्या पाह्यलं होतं. सरले काई सांगतलं नाई."

मला मान वर करवेना.

"पण मंग तुले कसं समजलं, कोनता गोटा कुठं ठेवाचा ते?"

त्या दिवशी पेपरवाला खास माझा फोटो काढायला आला होता. ज्या फोटोसाठी मी एवढा जळत होतो, त्यासाठी मला तिथे उभं राहवलं नाही.

श्रीधर अजूनही कधीमधी तेच विचारतो. बैल तिथेच का वळले, गोटे आपापल्या जागी कसे बसले — मीही तेच विचारत असतो. फक्त तो माणूस हजारो वर्षं मान वळवून काय बघत होता, हे मला कुणाला विचारावं लागलं नाही.