अक्का उपाशी, लहान गाडी घरी

मला लिहायला येत नाही, बोलायला येतं. मी सांगते आणि माझी सून रेखा मोबाइलवर लिहिते. मध्ये तिनं स्वतःचं काही घुसडलं तर मला कळणार नाही, एवढं धरून वाचा.

माझ्या लेकानं, शिवराजनं, जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन तिचं चालतं घर केलंय. आत पलंग, शेगडी, पाण्याची टाकी. पहिली लांबची सहल ठरली ती बिदरहून आळंद तालुक्यातल्या निंबर्ग्याला, माझ्या थोरल्या बहिणीकडं, वेळ अमावस्येच्या सणाला, त्या दिवशी शेतातच पूजा करून जेवायचं असतं. कंबरेच्या ऑपरेशननंतर अक्का वर्षभर घरातच होती. यंदा पहिल्यांदा शेतात जायची होती. तिनं फोनवर बजावलं, "तू आल्याबिगर मी घास घेणार न्हाई."

शिवराजचं म्हणणं, मागं आपली लहान कार बांधून न्यायची. मोठं घर रस्त्याला लावायचं आणि कारनं गल्लीबोळ फिरायचे.

"घर न्हेयलास, आता गोठा बी बांध मागं!" मी म्हणाले.

"माय, तुझे गुडघे बघ की. तिथं पायी जाशील व्हय?"

"कामून पायी? निंबर्ग्यात काय गाड्या न्हाईत? कुणीबी पोचवील."

गाडीचं काम केलेल्या मिस्त्रीनं माझीच बाजू उचलली. मागं ओझं लागलं की डिझेल जास्त, गतिरोधकावर दणके, आणि रिव्हर्स घेताना तर देवच आठवतो. शिवाय आरटीओत विचारून घ्या, तेही म्हणाला. लहान गाडी बिदरातल्या आमच्या मैलूरच्या घरासमोर राहिली. मी जिंकले होते.

पहाटे निघालो. हुमनाबादच्या ढाब्यावर गरम सुसला खाल्ला. चुरमुऱ्याचा, वर मिरचीची भजी. मोठी गाडी असेल तर थांबायला ही जागा नामी, लॉऱ्यांच्या रांगेत आपण झुरळासारखे मावतो. एक ड्रायव्हर आत डोकावला. "अम्मा, पूरा घर लेके निकले क्या?"

"व्हय, सून बी घेतलीय. भांडायला कुणी पायजे की!"

रेखा हे लिहिताना हसायलीय. खोटं हसायलीय.

कलबुर्गीपर्यंत रस्ता झकास. आळंदच्या पुढं अरुंद होतो, समोरून बस आली की शिवराज श्वास धरतो. अकराच्या सुमारास निंबर्ग्यात पोचलो आणि माझी जीत तिथंच संपली. गावात चिटपाखरू नव्हतं. वेळ अमावस्येला सगळं गाव शेतात जातं, बैलगाड्या, ट्रॅक्टर, फटफट्या सगळं घेऊन. सत्तर वर्षं हा सण केलेली मी, नेमकं हेच विसरले. अक्काच्या लेकाला, माझ्या भाच्याला, फोन लावला तर फोन कुलूपबंद घरातच वाजायला लागला.

शेताकडं जाणाऱ्या पाणंदीच्या तोंडाशी आमचं घर अडलं. दोन्हीकडं बाभळी, मधे काळ्या मातीची चाकोरी. अक्काचं शेत तिथून अडीच किलोमीटर. शिवराज म्हणाला, "तुमी बसा, मी मावसभावाची बैलगाडी घेऊन येतो." आणि पळाला.

तासभर झाला. बैलगाडी नाही, लेक नाही. ऊन डोक्यावर आलं. अक्का बारालाच पूजा उरकून वाट बघत बसली असणार, कंबरेच्या गोळ्या घेतल्या असतील का नसतील. मी उठले.

"आत्याबाई, गुडघे?" रेखा म्हणाली.

"ते बी संगट येतील. त्यांना कोण विचारतंय?"

पहिल्याच शेतातून हाक आली, "अव्वा, जेवूनच जावा!" या दिवशी वाटसरूला उपाशी सोडत नाहीत आणि नको म्हणणं म्हणजे अपमान. मी कडब्याच्या कोपीत टेकले, अंबिलीचा घोट घेतला, अक्काचं सांगितलं आणि उठले. पुढच्या शेतात तेच. असं टेकत टेकत गुडघ्यांना उसंत मिळत गेली. चौथ्या शेतात बघते तर माझा लेक पानावर बसलेला! पुढ्यात सगळ्या भाज्या एकत्र शिजवलेली भज्जी, हातात बाजरीचा उंडा.

"माय, सोडतच न्हाईत गं. ही तिसरी पंगत हाय."

"खा बाबा. तुझी मावशी तिकडं उपास धरून बसलीय, तिच्या वाट्याचं बी खा."

तो खाली मान घालून मागं चालू लागला.

अक्काच्या शेतात पोचलो तेव्हा तीन वाजून गेले होते. सगळे जेवून तुरीच्या सावलीला आडवे. अक्का एकटी कोपीसमोर, भज्जीच्या भांड्यावर ताट झाकून.

"मला भूक न्हाई," ती म्हणाली. "राग हाय."

"मग दोन घास रागाचे खा." मी भाकरी मोडून तिच्या तोंडाशी धरली. तिनं खाल्ली. थंडगार भज्जी दोघींनी एकाच ताटात संपवली. शेवटचा उंडा मी तिच्याकडं सरकवला.

संध्याकाळी भाच्यानं बैलगाडीतून आम्हा दोघींना आमच्या चालत्या घरापर्यंत सोडलं. अक्का पलंगावर आडवी होऊन छताकडं बघत म्हणाली, "बरं हाय. पण तुझ्यासारखंच, येळेवर पोचत न्हाई."

आता मैलूरला येऊन आठवडा झाला. तुम्ही असं घर घेऊन निघणार असाल तर माझं ऐका. पायी गेले म्हणून तीन शेतांतल्या बायकांनी मला पाणी दिलं, माझ्या आईची ओळख काढली. कारमधून त्यांना नुसती धूळ दिली असती. ते सुख खरंच. पण ते मी अक्काच्या रिकाम्या पोटावर घेतलं.

काल शिवराजला म्हटलं, "कार मागं ओढायच्या त्या दांड्याचं आरटीओत विचारून घे. परवानगी मिळाली तर बांध मागं गाडी."

"म्हंजे मी जिंकलो?"

"न्हाई. कार घेऊन रेखा पुढं जाईल आणि अक्काला जेवायला बसवील. तू माझ्यासंगट चालत यायचास."